लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (जन्म : १८६८, जलालपूर, जिल्हा नाशिक, मृत्यू : २४ फेब्रुवारी १९३६, नाशिक) या मराठीतील आत्मचरित्रकार आणि कवयित्री होत. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्याचे एक लेणे मानले जाते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी सिद्धीस नेले. ७६ अध्यायांच्या या काव्यातील ६४ अध्याय त्यांचे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या आणि लग्नानंतर घरातच कशीबशी अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने हे काम केले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात मध्यवर्ती आहे. त्यांच्या आयुष्याचा मोठा आणि घडणीचा काळ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहरात आणि त्याच जिल्ह्यातील राहुरी येथे गेला.

बालपण

लक्ष्मीबाईंचे माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. घरात त्यांना मनू म्हणत. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे व कर्मठ होते. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील एका वडीलधाऱ्या पुरुषाला फाशी झाली. या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि सोवळ्याओवळ्याचे वेड त्यांना जडले. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येऊ नये, अमक्याची सावली पडू नये, तमक्याचा स्पर्श होऊ नये, अशा धाकात घरातील बायकामुले वावरत. पाण्यात राहून हातपाय गारठलेल्या त्या घराचे वर्णन लक्ष्मीबाईंनी पुढे केले, ते मात्र हसत हसत. वडिलांविषयी कटुता त्यांच्या लेखनात आढळत नाही.

मुलींना शिकवण्याचा प्रश्न अशा घरात उद्भवण्याचे कारणच नव्हते. तथापि शिक्षण म्हणजे केवळ पाटीपुस्तक नव्हे. जात्यावरच्या ओव्या, व्रतवैकल्यांच्या कहाण्या, पुराणिकाच्या तोंडून ऐकलेली आख्याने, आजूबाजूच्या बायकांचे बोलणे, हे सारे या मुलीच्या कानांनी टिपले. त्यांच्या गद्याची आणि पुढे ओवीचीही मुळे या ऐकीव शिदोरीत शोधावी लागतात.

विवाह आणि फिरता संसार

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, १८६१ सालचा. ते बुद्धिमान, शीघ्रकवी आणि संस्कृतचे व्यासंगी होते; त्याचबरोबर ते विलक्षण लहरी, तापट आणि हातात पैसा न टिकणारे होते. मनात आले की कोणास न सांगता ते घराबाहेर पडत आणि कित्येक दिवस त्यांचा ठावठिकाणा लागत नसे. त्यामुळे तरुण पत्नीला कधी सासरी कठोर स्वभावाच्या सासऱ्यांच्या हाताखाली, कधी माहेरी, तर कधी बहिणीच्या आश्रयाला राहावे लागले. नोकरीच्या निमित्ताने वणी, मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी गावे बदलली. काही अपत्ये लहानपणीच दगावली. १८९१ मध्ये जन्मलेला पुत्र देवदत्त मात्र वाचला.

या संसाराकडे आजचा वाचक कोणत्या दृष्टीने पाहील, हे सांगणे अवघड नाही. टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाचा भार कोणी वाहिला, हे उघड आहे. लक्ष्मीबाईंनी तो भार लपवलेला नाही आणि त्याचे भांडवलही केलेले नाही. टिळकांच्या रागाला त्या तितक्याच ठसक्याने उत्तर देत. दोघांची भांडणे कडाक्याची होत आणि समेटही तितक्याच लवकर होई.

अक्षरओळख

पत्नीने शिकावे ही टिळकांची इच्छा मनापासूनची होती. शिकवण्यास लागणारी चिकाटी मात्र त्यांच्या ठायी नव्हती. धडा सुरू व्हावा, शिक्षकाचा संयम सुटावा, पुस्तक एकीकडे आणि पाटी दुसरीकडे जावी, काही दिवसांनी नव्या उमेदीने पुन्हा आरंभ व्हावा, असा हा क्रम चालला. या शिक्षणातून लक्ष्मीबाईंना छापील मजकूर वाचता येऊ लागला आणि पत्र लिहिण्यापुरता हात वळला. ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे यांच्याशी त्यांचे सख्य अखेरपर्यंत जुळले नाही. शुद्धलेखनाच्या फूटपट्टीने भाषेची योग्यता मोजणाऱ्या शिक्षकवर्गाने या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. मराठीतील एक अत्यंत नितळ गद्यग्रंथ जिच्या हातून उतरला, तिला व्याकरणाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे जड गेले असते.

ताटातूट

१८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावकडे जात असता टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. संभाषणाच्या ओघात त्यांनी टिळकांना बायबलची एक प्रत दिली. जिज्ञासेने सुरू झालेले वाचन श्रद्धेपर्यंत पोहोचले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ही वार्ता लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली तेव्हा लहानगा देवदत्त त्यांच्या पदरात होता.

त्या काळी धर्मांतरित पुरुषाच्या पत्नीची अवस्था चमत्कारिक असे. पती हयात, म्हणून ती विधवा नव्हे. पती जातीबाहेर, म्हणून सौभाग्यवतीचा मानही निर्वेध नव्हे. तिच्याबरोबर राहणाऱ्या आप्तांवरही समाजाचा डोळा असे. पहिल्या आघातात लक्ष्मीबाईंची अन्नपाण्यावरची वासना उडाली आणि नातलगांना त्यांच्या जिवाची धास्ती वाटू लागली. त्यांच्या बहिणीने आणि मेहुण्यांनी या काळात त्यांना आधार दिला; नाशिक आणि पंढरपूर येथे त्या या मंडळींच्या घरी राहिल्या. सुमारे पाच वर्षांचा हा कालखंड त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बिकट होता.

टिळकांनी पत्नीचा त्याग केला नाही. त्यांची पत्रे येत राहिली, अधूनमधून भेटीही घडल्या. तिनेही धर्म बदलावा असा हट्ट त्यांनी धरला नाही. पती हवा, परंतु त्याचा नवा धर्म नको, ही लक्ष्मीबाईंची भूमिका होती. दोघांच्याही बाजूने हा हट्ट प्रामाणिक असल्यामुळेच तडजोडीस वेळ लागला.

नगर आणि राहुरी

धर्मांतरानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी नगरला आले आणि तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह जुळला. पंढरपूरच्या बाजूने नगरला येणारा लोहमार्ग दौंडला वळण घेतो, भीमा ओलांडून काष्टीमार्गे नगरला येतो आणि तसाच पुढे राहुरीकडे जातो. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्याची दिशाही पंढरपूर, नगर, राहुरी अशीच राहिली.

नगरला पतीजवळ आल्यावर आरंभी त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. एका कुटुंबात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक असा हा प्रकार होता. शेजारी ख्रिस्ती वस्ती होती आणि तीत बहुतेक मंडळी पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींची. वडिलांच्या घरी ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, ती माणसे आता दारात, अंगणात आणि हळूहळू ओसरीवर येऊ लागली. लक्ष्मीबाईंच्या मनात बदल झाला तो धर्मग्रंथाच्या वाचनाने नव्हे, या सहवासाने. राहुरीस असताना जातिभेदाविषयीचा त्यांचा प्रश्न अखेर सुटला. माणसे देवाने निर्मिली असतील, तर जाती माणसांनी केल्या असल्या पाहिजेत, असा सरळ विचार त्यांनी स्वतःशी केला आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास आपली हरकत नाही असे ठरवले. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या स्त्रीने टाकलेले हे पाऊल किती मोठे होते, हे त्यांच्या बालपणाची हकीकत वाचल्यावरच कळते. १९०० मध्ये त्यांनी राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या धर्मांतराचे समर्थन करीत बसल्या नाहीत. पूर्वीच्या धर्माची निंदाही त्यांनी केली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा दुष्काळ नगर जिल्ह्याने फार सोसला, आणि त्याच सुमारास प्लेगही होता. टिळकांच्या घरात अनाथ व निराधार मुलांची भर पडत गेली. मुले आणणारे टिळक आणि त्यांच्या पोटाची चिंता वाहणाऱ्या लक्ष्मीबाई, अशी कामाची वाटणी आपोआप झाली होती. प्लेगच्या काळात त्यांनी रुग्णांची शुश्रूषाही केली.

याच घरात बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ राहिले. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात नावारूपास आलेल्या या कोवळ्या कवीला टिळकांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. त्याचे जेवणखाण, रुसणे आणि समजूत काढणे हे सारे लक्ष्मीबाईंकडे आले. १९१८ मध्ये खानदेशात भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. निसर्गकवितेच्या इतिहासात बालकवींना मोठे स्थान आहे. त्यांच्या स्वभावाचे जिवंत चित्र मिळते ते मात्र लक्ष्मीबाईंच्या आठवणींत, आणि साहित्याच्या अभ्यासकांना त्याचा मोठा उपयोग झाला आहे.

लक्ष्मीबाईंची स्वतःची काव्यरचनाही याच काळात आकार घेऊ लागली. तिचा विषय बहुधा घरगुती आणि भाषा बोलीच्या जवळची. त्यांच्या कवितांचा 'भरली घागर' हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

टिळकांच्या पश्चात

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास देवाचा दरबार ही आपली कल्पना मूर्त करण्यास आरंभ केला. संघटनेचा आणि पंथभेदाचा अडसर नसलेली ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांच्या मनात होती. हे काम मूळ धरते न धरते तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

मागे संपत्ती काही नव्हती. होते ते अपुऱ्या लेखनाचे कागद. पुढील वर्षांत लक्ष्मीबाईंनी कीर्तने केली, व्याख्याने दिली, मुंबई आणि कराची येथेही वास्तव्य केले. १९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्यांच्या लेखनाची दोन्ही मोठी कामे या वैधव्याच्या सतरा वर्षांतील आहेत.

स्मृतिचित्रे

पुत्र देवदत्त यांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. टिळकांच्या चरित्राला साहित्य पुरवण्यासाठी सुरू झालेले हे लेखन लवकरच स्वतंत्र झाले. ते आरंभी नियतकालिकातून क्रमशः आले. ग्रंथरूपाने त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण भाग चार. शेवटचा भाग लेखिकेच्या मृत्यूनंतर निघाला.

मराठीत स्त्रियांच्या आत्मकथनाची वाट यापूर्वी रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहून मोकळी केली होती. त्या ग्रंथात पती गुरुस्थानी आहे आणि लेखणी आदराने लवलेली आहे. 'स्मृतिचित्रे'त पती आणि पत्नी एकाच पातळीवर उभे आहेत. टिळकांचे मोठेपण, त्यांचे औदार्य, त्यांचा विक्षिप्तपणा आणि त्यांची हास्यास्पद फजिती ही सारी एकाच पानावर नांदतात. लेखिका स्वतःलाही सोडत नाही. आपले अज्ञान, आपला हेका आणि आपली फसगत ती उघडपणे सांगते. विनोद हा या ग्रंथाचा विशेष गुण खरा, परंतु तो दुःखाला पाठ फिरवणारा विनोद नव्हे. अपत्यांचे मृत्यू, धर्मांतराचा आघात, उपासमार यांच्या हकीकती त्यात आहेत आणि वाचक हसता हसता थबकतो.

शालेय पाठ्यपुस्तकांतून या ग्रंथातील उतारे अनेक पिढ्यांनी वाचले आहेत. उतारे निवडणाऱ्यांची दृष्टी बहुधा गमतीच्या प्रसंगांकडे वळते. त्यामुळे लक्ष्मीबाई म्हणजे भोळीभाबडी, हजरजबाबी गृहिणी अशी एक प्रतिमा विद्यार्थ्यांच्या मनात रुजते. ही प्रतिमा अपुरी आहे. विद्यार्थ्यांनी मूळ ग्रंथ समग्र वाचावा, हे येथे सुचवावेसे वाटते. इंग्रजीत त्याचे अनुवाद झाले असून जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचा २०१७ मध्ये प्रकाशित झाला.

ख्रिस्तायन

टिळकांची एक दीर्घकालीन आकांक्षा होती. येशू ख्रिस्ताचे चरित्र मराठी माणसाला त्याच्या ओळखीच्या छंदात, रामायणाप्रमाणे घरोघर वाचले जाईल अशा रूपात द्यावयाचे. 'ख्रिस्तायन' या नावातच हा हेतू स्पष्ट आहे. ग्रंथासाठी त्यांनी ओवी हा छंद निवडला. तथापि इतर कामांच्या रेट्यात रचना मंदगतीने चालली आणि मृत्यूसमयी जेमतेम अकरा अध्याय हातावेगळे झाले होते.

ओवीची निवड ज्या परंपरेला जाऊन मिळते, तिचा नगर जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातील नेवासे येथे, शके १२१२ मध्ये. काष्टी ज्या श्रीगोंदे तालुक्यात मोडते, त्या श्रीगोंद्यात मुसलमान कुळातील संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. ख्रिस्तचरित्रही ओवीला अपरिचित नव्हते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले होते. निरनिराळ्या श्रद्धांच्या कवींना ओवीने सामावून घेतले आहे. दिसावयास हा छंद फार सोपा: चार चरण, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा, अक्षरसंख्येचे बंधन सैल. पण बंधन सैल असल्यामुळेच ओवी सहज घसरते आणि यमक जुळवलेले गद्य होऊन बसते. काही शे ओव्या सांभाळणे एक आणि हजारो ओव्यांतून कथा, संवाद, वर्णन आणि भाव यांचा तोल राखणे निराळे.

असे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. अडचणी उघड होत्या. पूर्वार्ध पंडित कवीचा, उत्तरार्ध अल्पशिक्षित स्त्रीचा. जोड दिसणार, तुलना होणार. टिळकांजवळ संस्कृत काव्याचा व्यासंग होता, तो त्यांच्याजवळ नव्हता. कथेचा प्रदेश दूरचा, तेथील डोंगर, पिके, सण, राज्यपद्धती निराळी. ती मराठी श्रोत्याला आपली वाटावी अशा शब्दांत आणावयाची होती. उतारवय होते, घर फिरते होते, प्रकृती साथ देत नव्हती. शिवाय लेखणी हाच त्यांच्या अडचणीचा विषय. डोक्यात ओवी तयार असे, परंतु ती कागदावर उतरवणे त्यांना कष्टाचे जाई.

त्यांनी टिळकांच्या शैलीचे अनुकरण केले नाही, हे शहाणपणाचे झाले. आपल्याजवळ जे होते तेच त्यांनी वापरले: जात्यावरच्या ओवीची लय, कहाणी सांगण्याची सरळ रीत आणि बायकांच्या बोलण्यातले शब्द. येशूच्या दृष्टान्तकथांत पीठ, खमीर, दिवा, हरवलेले नाणे, पेरणी आणि मेंढरे आहेत. म्हणजे ज्या वस्तू कोणत्याही गृहिणीच्या आणि शेतकऱ्याच्या हाताखालच्या. पंडिताला या वस्तू काव्यात आणण्यासाठी खाली उतरावे लागते, लक्ष्मीबाई तेथे आधीपासूनच होत्या. सर्व अध्याय सारख्या उंचीचे नाहीत. कोठे कथा लांबते, कोठे यमकाची ओढाताण दिसते. माता, मुले आणि दुःखी स्त्रिया जेथे जेथे येतात, तेथे मात्र ओवी आपल्या पायांनी चालू लागते.

एकामागून एक अध्याय होत गेले आणि त्यांची संख्या ६४ झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ७६ वा आणि अखेरचा अध्याय देवदत्त टिळक यांनी रचला. पित्याने आरंभिलेला, मातेने वाढवलेला आणि पुत्राने पुरा केलेला हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रकाशित झाला. टिळकांच्या निधनाला तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती.